गाडीच्या १२ व्होल्ट अल्टरनेटरवर ४८ व्होल्टची बॅटरी बँक: तयारी, जोडणीचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

फिरता दवाखाना, खाद्यपदार्थांची गाडी, चित्रीकरणाची व्हॅन किंवा कुटुंबाची कॅम्पर यांच्या मागच्या भागात हल्ली ४८ व्होल्टची लिथियम बँक, म्हणजे एकत्र जोडलेल्या बॅटऱ्यांचा संच, बसवली जाते, आणि गाडी चालत असताना तिच्याच इंजिनावर ही बँक भरत राहावी, अशी अपेक्षा असते. अपेक्षा रास्त आहे आणि कामही अवघड नाही. तरीही माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या अशा बहुतेक गाड्यांमध्ये चूक एकाच जातीची निघाली. आधी १२ व्होल्टवरून ही बँक भरणारा चार्जर विकत घेतला गेला, मग तो बसवला गेला, आणि अल्टरनेटर (इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून वीज बनवणारे यंत्र) किती देऊ शकतो हा प्रश्न तो जळाल्यावर पडला.

एका पावसाळ्यात डोळे तपासणीची एक व्हॅन मुंबईत सांताक्रूझच्या मिलन सबवेजवळ पाणी तुंबल्यामुळे दीड तास जागच्या जागी उभी होती. तिच्यात ७०० वॅटचा चार्जर होता आणि अल्टरनेटर ९० अँपिअरचा. कागदावर हिशेब बसत होता, कारण चार्जर १२ व्होल्टच्या बाजूने सुमारे ६० अँपिअर घेत होता. पण आयडलवर, म्हणजे इंजिन चालू पण गाडी उभी असताना, तो अल्टरनेटर ४५ अँपिअरही देत नव्हता आणि त्यातले निम्म्याहून अधिक गाडीलाच लागत होते. उरलेली तूट स्टार्टर बॅटरीतून गेली. मी अल्टरनेटर उघडला तेव्हा स्टेटरच्या (आतल्या स्थिर गुंडाळीच्या) तारांवरचे वार्निश काळे पडून पापुद्र्यासारखे सुटत होते आणि जळकट वास गाळ्यात दिवसभर राहिला.

म्हणून या लेखाचा सारा भर एका नियमावर आहे. अल्टरनेटरला फक्त त्याची स्वतःची १२ व्होल्टची बॅटरी दिसली पाहिजे, आणि ४८ व्होल्टच्या बँकेने मधल्या चार्जरमार्फत तेवढाच प्रवाह मागितला पाहिजे, जेवढा गरम इंजिनावर, आयडलवर शिल्लक उरतो.

उदाहरणासाठी १२ व्होल्टची डिझेल व्हॅन, ९० अँपिअरचा अल्टरनेटर आणि १६ सेलची, ५१.२ व्होल्ट व १०० अँपिअर-तास क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बँक धरली आहे. बँक २४ व्होल्टची असेल तर बँकेच्या बाजूचे व्होल्टेज निम्मे आणि त्याच शक्तीसाठी प्रवाह दुप्पट होतो, पण कामाचा क्रम तोच राहतो.

## कामाला हात घालण्यापूर्वी

गाडी वॉरंटीत असेल तर मूळ वायरिंगला हात लावल्यास वॉरंटीचे काय होते, हे लेखी विचारून घ्यावे. विमा कंपनीलाही कळवावे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलांशी विसंगत ठरेल असा फेरबदल गाडीत करता येत नाही. त्यामुळे आसने काढून बँक बसवायची असेल, तर आरटीओचा विषय आधी मिटवावा.

हत्यारांमध्ये एका गोष्टीवर तडजोड करू नये, ती म्हणजे डीसी (बॅटरीचा, एकाच दिशेने वाहणारा) प्रवाह मोजणारा, केबलभोवती लावायचा क्लॅम्प मीटर. बाजारात टाँग टेस्टर म्हणून मिळणारे बरेच स्वस्त मीटर फक्त एसी प्रवाह मोजतात आणि गाडीच्या केबलभोवती लावल्यावर शून्य दाखवतात. हे शून्य खरे मानून पुढे गेलेले लोक मी पाहिले आहेत. लॅमिंग्टन रोडवर मीटर घेताना दुकानातच एखाद्या बॅटरीवर बल्ब पेटवून डीसी प्रवाहाचा आकडा येतो का, ते पाहावे. याखेरीज चांगला मल्टीमीटर, दुरून तापमान मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर आणि हायड्रॉलिक क्रिम्पिंग मशीन हाताशी असावे. मशीन भाड्याने मिळाले तरी चालेल.

## टप्पा १: आधी मोजावे, खरेदी नंतर

अल्टरनेटरच्या नावपट्टीवरचा आकडा त्याच्या स्वतःच्या मिनिटाला सुमारे ६००० फेऱ्यांना, थंड हवेत मिळणारा असतो. इंजिन आयडलवर ८०० फेऱ्यांच्या आसपास फिरते आणि पुलीचे प्रमाण साधारण अडीच ते तीनपट असते. म्हणजे ट्रॅफिकमध्ये अल्टरनेटर जेमतेम २००० ते २४०० फेऱ्यांवर असतो. तेव्हा त्याचे उत्पादन नावपट्टीच्या निम्म्याच्या आसपास येते आणि त्याच वेळी त्याचा स्वतःचा पंखाही सर्वांत संथ फिरत असतो. पश्चिम द्रुतगती मार्गावर संध्याकाळी जी गाडी सरकते, तिच्यासाठी हाच आकडा खरा.

१. गाडी किमान अर्धा तास चालवून इंजिन पूर्ण गरम करावे. सकाळच्या थंड इंजिनावर घेतलेले माप फसवे असते.

२. अल्टरनेटरच्या जाड धन केबलभोवती क्लॅम्प लावावा. पट्टा आणि पंखा यांच्यापासून हात, बाही व ओढणी दूर ठेवावी.

३. आयडलवर एसी, ब्लोअर, मोठे दिवे व वायपर असे सगळे चालू करून प्रवाह आणि स्टार्टर बॅटरीच्या टोकांवरचे व्होल्टेज लिहून घ्यावे. बॅटरी पूर्ण चार्ज असेल तर हा प्रवाह म्हणजे गाडीची स्वतःची गरज.

४. आता जादा भार म्हणून हेडलाइटचे जुने एच-४ बल्ब एकेक करून बॅटरीला जोडावेत. प्रत्येक बल्ब सुमारे ५ अँपिअर घेतो. बल्ब विटेवर किंवा लादीवर ठेवावेत, कारण ते प्लॅस्टिक वितळवतात. बॅटरीवरचे व्होल्टेज १३.२ पर्यंत उतरले की थांबावे आणि त्या क्षणी अल्टरनेटरच्या केबलमधून किती प्रवाह वाहत आहे, तो लिहावा. आयडलवरची खरी क्षमता हीच.

५. हेच माप इंजिनाच्या २००० फेऱ्यांवर पुन्हा घ्यावे. प्रत्येक माप दोन-तीन मिनिटांत आटोपावे.

आपल्या उदाहरणातल्या व्हॅनमध्ये आयडलवर एकूण ४३ अँपिअर मिळाले, गाडीची गरज २५ निघाली आणि शिल्लक १८ उरले. २००० फेऱ्यांवर एकूण ७४ मिळाले, म्हणजे शिल्लक ४९.

तपासणी: बल्ब न जोडताही, सगळे चालू असताना व्होल्टेज १३.२ च्या खाली जात असेल, तर या अल्टरनेटरकडे देण्यासारखे काही शिल्लक नाही. पट्टा सैल आहे का, ब्रश झिजले आहेत का, हे आधी पाहावे.

इशारा: बीएस-६ या उत्सर्जन मानकाच्या काळातील अनेक गाड्यांमध्ये अल्टरनेटरचे व्होल्टेज इंजिनाचा संगणक ठरवतो आणि ते १२.५ च्या आसपासपासून १५ पर्यंत मुद्दाम खालीवर केले जाते. अशा गाडीत केवळ व्होल्टेजवरून क्षमता ठरवता येत नाही. सगळे दिवे चालू ठेवले की बहुतेक वेळा व्होल्टेज स्थिर होते, आणि माप तेव्हाच घ्यावे.

## टप्पा २: मार्ग निवडावा

अल्टरनेटरमधला रेग्युलेटर रोटरच्या (फिरत्या भागाच्या) गुंडाळीतील प्रवाह कमी-जास्त करून व्होल्टेज १४.२ ते १४.५ च्या आसपास धरून ठेवतो. रेग्युलेटर वगळून रोटरला सलग प्रवाह दिला, तर तोच अल्टरनेटर वेगावर ५० व्होल्टच्याही वर जाऊ शकतो, आणि इथूनच “मूळ अल्टरनेटरच ४८ व्होल्टचा करून देतो” असे सांगणारे कारागीर भेटतात. त्यांचे ऐकू नये. आतल्या डायोडांची घडण १२ व्होल्टच्या यंत्रणेसाठी असते, आणि त्यांपैकी बऱ्याच अल्टरनेटरमधले डायोड तर व्होल्टेज ३० च्या आसपास वाढताच ते दाबून धरण्यासाठीच बसवलेले असतात. शिवाय या फेरबदलानंतर गाडीच्या स्वतःच्या बॅटरीला चार्ज करणारे कोणीच उरत नाही.

बँकेतील एका १२ व्होल्टच्या बॅटरीला मधूनच तार काढून अल्टरनेटर जोडणे हा दुसरा घातक प्रकार. ती एक बॅटरी भरलेली आणि उरलेल्या तीन उपाशी, अशी अवस्था होते. शिशाच्या बॅटऱ्यांत उपाशी तिघींवर सल्फेट चढते, लिथियममध्ये बीएमएस (सेलवर नजर ठेवून धोका दिसताच बँक तोडणारी यंत्रणा) सारखी तोडत राहते. चार्ज करताना समांतर आणि वापरताना एकसर अशी स्विच लावून केलेली अदलाबदलही टाळावी, कारण एक संपर्क चिकटला की बॅटऱ्यांचा थेट शॉर्ट होतो.

उरतात तीन मार्ग. पहिला, व्होल्टेज वाढवणारा डीसी-डीसी चार्जर. बहुतेकांसाठी हाच योग्य आणि पुढचे टप्पे त्याच्यासाठीच लिहिले आहेत. दुसरा, १२ व्होल्टवरून २३० व्होल्ट देणारा इन्व्हर्टर आणि त्यावर बँकेचा घरगुती चार्जर. दोनदा रूपांतर झाल्यामुळे यात चौथा हिस्सा वाया जातो, ओल्या गाडीत २३० व्होल्ट फिरतात आणि चालकाने इन्व्हर्टर बंद करायचे विसरले तर तो बहुधा १०.५ व्होल्टपर्यंत स्टार्टर बॅटरी पिळून काढतो. नड म्हणून चार दिवस चालेल, कायमचा नको. तिसरा मार्ग म्हणजे इंजिनावर दुसरा, मुळातच ४८ व्होल्टचा अल्टरनेटर. त्याविषयी शेवटच्या टप्प्यात.

## टप्पा ३: चार्जरचा आकार ठरवावा

आयडलवरचे शिल्लक १८ अँपिअर गुणिले १३.३ व्होल्ट, त्यावर चार्जरची ८८ टक्के कार्यक्षमता धरली की बँकेत सुमारे २१० वॅट पोचतात. म्हणजे शहरात २०० वॅट ही वरची मर्यादा. महामार्गावर ४०० वॅटचा चार्जर १२ व्होल्टच्या बाजूने सुमारे ३४ अँपिअर घेईल; गाडीचे २५ धरून एकूण ५९, म्हणजे नावपट्टीच्या दोन तृतीयांशाइतके. चालत्या गाडीत तासन्‌तास याच्या वर जाऊ देऊ नये.

दोन्ही गरजा भागवण्यासाठी प्रवाहाची मर्यादा बदलता येणारा ४०० वॅटचा चार्जर घ्यावा. तसा मिळाला नाही, तर समांतर जोडण्याची परवानगी असलेले २०० वॅटचे दोन चार्जर घेऊन दुसऱ्याला डॅशबोर्डवर वेगळा स्विच द्यावा आणि तो महामार्गावरच चालू करावा. मला हा दुसरा उपाय अधिक आवडतो, कारण एक चार्जर बिघडला तरी दुसरा काम करतो.

आता अपेक्षाही मोजून घ्याव्यात. बँक ५.१२ किलोवॅट-तासांची आहे. मुंबई–पुणे प्रवासात साडेतीन तास ४०० वॅट मिळाले, तर १.४ किलोवॅट-तास, म्हणजे बँकेचा सुमारे २७ टक्के भाग भरतो. ट्रॅफिकमधले दोन तास २०० वॅटने फक्त ८ टक्के देतात. ज्यांचा रोजचा वापर याहून मोठा आहे, त्यांनी रात्री भिंतीवरच्या प्लगवर बँक भरण्याची सोय मुख्य मानावी आणि अल्टरनेटरला जोडधंदा समजावे.

## टप्पा ४: “४८ व्होल्ट” म्हणजे नेमके किती, ते पाहावे

या टप्प्यावर सर्वांत महागड्या चुका होतात. बाजारात ४८ व्होल्टच्या नावाखाली निदान तीन वेगळ्या बँका विकल्या जातात. १६ सेलची लिथियम आयर्न फॉस्फेट बँक प्रति सेल ३.६५ व्होल्टच्या कमाल मर्यादेने ५८.४ व्होल्टला पूर्ण भरते. १५ सेलची त्याच जातीची बँक ५४.७५ व्होल्टला भरते. इलेक्ट्रिक दुचाकींसाठी वापरली जाणारी, निकेल-मँगनीज-कोबाल्ट जातीची १३ सेलची बँक ५४.६ व्होल्टला भरते. पहिल्या बँकेसाठी लावलेला चार्जर दुसऱ्या दोहोंपैकी एकीला जोडला, तर बीएमएस ही एकच गोष्ट तिच्या आणि आगीच्या मध्ये उरते.

लेबलवर सेलची जात आणि संख्या स्पष्ट नसेल, तर विक्रेत्याकडून लेखी घ्यावी. तेही मिळत नसेल तर ती बँक परत करावी.

१६ सेलच्या आयर्न फॉस्फेट बँकेसाठी मुख्य चार्जिंग व्होल्टेज ५६.० ते ५६.८ आणि फ्लोट (बँक भरल्यानंतर तशीच राखण्याचे व्होल्टेज) ५३.६ ते ५४.० ठेवावे. कमाल ५८.४ पर्यंत रोज जाण्याची गरज नसते. चार शिशाच्या बॅटऱ्या एकसर असतील तर ५७.६ व ५४ हे साधारण आकडे आहेत, पण उत्पादकाचा तक्ता अंतिम मानावा. त्या चौघींना एकत्र जोडण्यापूर्वी प्रत्येकीला वेगवेगळे पूर्ण चार्ज करावे, नाहीतर पहिल्या दिवसापासून असमतोल राहतो.

## टप्पा ५: जागा, केबल आणि फ्यूज

चार्जर स्टार्टर बॅटरीच्या जवळ असावा, म्हणजे जास्त प्रवाहाची १२ व्होल्टची केबल आखूड राहते आणि लांबचा पल्ला कमी प्रवाहाची ४८ व्होल्टची केबल गाठते. मात्र तो बॉनेटखाली बसवू नये. बहुतेक चार्जर ४० अंशांच्या पुढे स्वतःहून प्रवाह कमी करतात, आणि मे महिन्यात बॉनेटखाली त्याहून किती तरी अधिक तापमान असते. चालकाच्या आसनाखालची किंवा मागची हवेशीर जागा चांगली. हिंदमाता, अंधेरी सबवे अशा ठिकाणी साचणारे पाणी ध्यानात घेऊन चार्जर जमिनीच्या पत्र्यापासून किमान वीतभर उंच, उष्णता सोडणारे त्याचे पंख उभे राहतील असा लावावा.

केबल जळेल का, हा विचार पुरेसा नसतो. व्होल्टेज किती घटते, ते पाहावे लागते. ३५ अँपिअर आणि जाऊन-येऊन १० मीटर लांबी धरली, तर १० चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलमध्ये सुमारे ०.६७ व्होल्ट घटतात, १६ मध्ये ०.४२ आणि २५ मध्ये ०.२७. म्हणून १२ व्होल्टच्या बाजूला २५ चौरस मिलिमीटर घ्यावी. ४८ व्होल्टच्या बाजूला ८ अँपिअरसाठी ६ चौरस मिलिमीटर भरपूर होते.

मुंबईच्या खाऱ्या हवेत साध्या तांब्यावर वर्षाभरात हिरवी पूड चढते, म्हणून कलई केलेली तांब्याची केबल घ्यावी. लोहार चाळीत केबल घेताना टोक कापून छेद पाहावा. कलईची अस्सल केबल बाहेरून रुपेरी आणि छेदात लाल दिसते. तांब्याचा मुलामा दिलेले अॅल्युमिनियम बाहेरून लाल आणि छेदात पांढरे दिसते, आणि ते या कामाला चालत नाही.

फ्यूजबाबत तीन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. केबलच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे, म्हणून फ्यूजही दोन्ही टोकांना हवा, आणि तो बॅटरीपासून वीतभराच्या आत हवा. १२ व्होल्टच्या बाजूला ६० अँपिअरचा फ्यूज या चार्जरला व केबलला जुळतो. ४८ व्होल्टच्या बाजूला गाडीतले नेहमीचे पात्याचे फ्यूज अजिबात वापरू नयेत. ते ३२ व्होल्टपुरते बनवलेले असतात आणि ५६ व्होल्टवर तार वितळल्यानंतरही आतली ठिणगी विझत नाही. सौर यंत्रणेसाठी मिळणारा १० बाय ३८ मिलिमीटरचा, १००० व्होल्ट डीसीचा १५ अँपिअरचा फ्यूज त्याच्या खोळीसह लावावा. तो सहज मिळतो. घरातला, एसी प्रवाहाचा एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) डीसीसाठी लावणे ही चूक मी अजूनही दर महिन्याला पाहतो.

इशारा: सौर फ्यूजची खोळ प्रवाह चालू असताना उघडू नये. आधी गाडीची चावी बंद, मग खोळ.

## टप्पा ६: जोडणी, याच क्रमाने

१. हातातले कडे, अंगठी व घड्याळ काढावे. स्टार्टर बॅटरीचे ऋण टोक सोडवावे, बँकेचा मुख्य स्विच बंद करावा आणि दोन्ही फ्यूज खिशात ठेवावेत.

२. केबल कोठेही न जोडता पूर्ण मार्गाने टाकून घ्यावी. पत्र्याच्या प्रत्येक छिद्रात रबरी ग्रॉमेट, उघड्या भागात लवचीक पाइप, आणि सायलेन्सर व इंधनाच्या नळीपासून अंतर ठेवावे.

३. थिंबल (केबलच्या टोकाला बसवायच्या धातूच्या कड्या) हायड्रॉलिक मशीनने दाबावेत. हातोडीने चेपलेले थिंबल सुरुवातीला घट्ट वाटते आणि गाडीच्या थरथरीने काही महिन्यांत सुटते. प्रत्येक थिंबल दोन्ही हातांनी जोरात ओढून पाहावे आणि त्यावर गोंद असलेली आकुंचन नळी चढवावी.

४. आधी चार्जरकडची टोके जोडावीत. दोन्ही बाजूंची ऋण केबल स्वतंत्र ओढावी. गाडीचा पत्रा परतीचा मार्ग म्हणून वापरू नये. चार्जर शक्यतो इनपुट आणि आउटपुट एकमेकांपासून विलग असलेला घ्यावा, म्हणजे ४८ व्होल्टची बाजू पत्र्यापासून अलिप्त राहते. इन्व्हर्टरच्या मार्गदर्शिकेत अर्थिंग सांगितले असेल, तर ते एकाच ठिकाणी करावे.

५. चार्जर चालू करणारी बारीक तार इग्निशनच्या अशा फ्यूजवरून घ्यावी, ज्यात चावी फिरवल्यावरच व्होल्टेज येते. तिला ३ अँपिअरचा फ्यूज द्यावा. व्होल्टेज वाढले की इंजिन चालू झाले असे मानणारी सेटिंग बीएस-६ गाड्यांमध्ये दगा देते.

६. बँकेकडे आधी ऋण, मग धन केबल रिकाम्या फ्यूज-खोळीपर्यंत जोडावी.

७. स्टार्टर बॅटरीच्या ऋण टोकावर लहान चौकोनी सेन्सर असेल, तर आपली ऋण केबल सेन्सरच्या पलीकडे, पत्र्याच्या बाजूला जोडावी. थेट बॅटरीच्या टोकावर जोडली तर गाडीच्या संगणकाला हा प्रवाह दिसत नाही आणि तो बॅटरीचा हिशेब चुकवतो. धन केबल इथेही रिकाम्या फ्यूजपर्यंतच न्यावी.

तपासणी: आता स्टार्टर बॅटरीचे ऋण टोक परत जोडून बँकेचा स्विच चालू करावा आणि दोन्ही रिकाम्या खोळींच्या बॅटरीकडील टोकांवर मल्टीमीटरने धन-ऋण तपासावे. उलटी जोडणी पकडण्याची ही शेवटची संधी आहे.

८. बँकेच्या बाजूचा फ्यूज बसवण्यापूर्वी १०० ओम, १० वॅटचा रेझिस्टर त्याच्या जागी पाच सेकंद टेकवावा. चार्जरमधले कपॅसिटर हळू भरतात आणि ठिणगी पडत नाही. रेझिस्टर चटकन तापू लागला, तर कोठेतरी शॉर्ट किंवा उलटी जोडणी आहे, असे समजून तिथेच थांबावे.

९. मग बँकेचा फ्यूज, त्यानंतर १२ व्होल्टचा फ्यूज. चार्जरच्या मार्गदर्शिकेत वेगळा क्रम दिला असेल तर तोच पाळावा.

## टप्पा ७: सेटिंग आणि पहिली चाचणी

चौथ्या टप्प्यातले व्होल्टेज चार्जरमध्ये भरावेत. इंजिन सुरू झाल्यावर एक मिनिटाने चार्जिंग सुरू होईल, असा विलंब ठेवावा. इनपुटचे किमान व्होल्टेज साध्या अल्टरनेटरसाठी १३.० आणि संगणकाच्या ताब्यातील अल्टरनेटरसाठी १२.४ च्या आसपास ठेवावे.

चाचणी मोकळ्या जागेत घ्यावी. सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमध्ये किंवा बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून चार्जिंग कधीही करू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आधी चावी बंद असताना चार्जरकडे जाणाऱ्या १२ व्होल्टच्या केबलमध्ये प्रवाह जवळजवळ शून्य आहे, हे पाहावे. मग इंजिन सुरू करून, बॉनेट बंद ठेवून, एसी आणि दिवे चालू करून गाडी अर्धा तास आयडलवर उभी करावी. ही चाचणी टाळावीशी वाटते, पण मिलन सबवेजवळ जे झाले ते नेमके याच अर्ध्या तासात आधीच दिसले असते. शेवटी बॉनेट उघडून लगेच स्टेटरच्या लोखंडी कड्यावर थर्मामीटर रोखावा. १०० अंशांच्या वर आकडा जात असेल तर चार्जरचा प्रवाह एक चतुर्थांशाने कमी करून चाचणी पुन्हा करावी.

त्याच वेळी प्रत्येक सांध्यावर मल्टीमीटर मिलिव्होल्टवर ठेवून मोजावे. स्टार्टर बॅटरीच्या धन टोकापासून चार्जरच्या धन टोकापर्यंत आणि तसेच ऋण बाजूला मिळून ०.३ व्होल्टपेक्षा जास्त घट नको. एखाद्या थिंबलवर किंवा फ्यूजवर बाकीच्यांपेक्षा ठळक जास्त आकडा दिसला, तर तो सांधा आजच पुन्हा करावा. स्टार्टर बॅटरीचे व्होल्टेज या अर्ध्या तासात सतत उतरत असेल, तर चार्जर अल्टरनेटरकडून जेवढे मिळते त्याहून जास्त मागतो आहे.

बँक पूर्ण भरताना बीएमएसने अचानक तोडले तरी या रचनेत अल्टरनेटरला धोका नसतो, कारण त्याची १२ व्होल्टची बॅटरी जोडलेलीच राहते. तरीही सारखे तुटत असेल, तर चार्जिंग व्होल्टेज ०.२ ने कमी करावे आणि सेलचा समतोल तपासावा. बँकेचे तापमान ४५ अंशांच्या वर असताना चार्जिंग थांबेल, अशी सेटिंग बीएमएसमध्ये असावी. उन्हात बंद उभी राहिलेली व्हॅन दुपारी ही मर्यादा सहज गाठते.

## टप्पा ८: दुसरा, ४८ व्होल्टचा अल्टरनेटर बसवणाऱ्यांसाठी

रोज दोन-तीन किलोवॅट-तासांहून अधिक गरज असेल आणि इंजिनावर जागा व ब्रॅकेटची सोय असेल, तरच हा मार्ग घ्यावा. ५६ व्होल्टवर ६० अँपिअर म्हणजे ३.४ किलोवॅट, आणि अल्टरनेटरची कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर पट्ट्यावर सुमारे ७ अश्वशक्तीचा भार येतो. एका साध्या व्ही पट्ट्याला तो पेलत नाही. लांबीच्या दिशेने अनेक खाचा असलेला रुंद पट्टा आणि जुळणाऱ्या पुली लागतात.

इथे अल्टरनेटर थेट बँकेला जोडलेला असल्यामुळे सर्व सुरक्षा रेग्युलेटरवर येते. बाहेरचा, लिथियमसाठी सेटिंग करता येणारा रेग्युलेटर घ्यावा. त्याची व्होल्टेज पाहणारी तार अल्टरनेटरवरून न घेता बँकेच्या टोकांवरून, फ्यूजसह घ्यावी. ही तार तुटली तर काय होईल, याचे उत्तर मार्गदर्शिकेत शोधावे. चांगला रेग्युलेटर अशा वेळी बंद होतो. तापमानाचा सेन्सर अल्टरनेटरच्या अंगावर बसवावा, आणि तो बसवल्याशिवाय इंजिन सुरू करू नये.

बीएमएसने बँक तोडण्यापूर्वी रेग्युलेटरला संदेश मिळून रोटरचा प्रवाह थांबला पाहिजे. क्रम उलटा झाला, म्हणजे भार आधी सुटला आणि रोटर चुंबकित राहिला, तर क्षणार्धात व्होल्टेज शंभराच्या वर उसळते. डायोड, रेग्युलेटर आणि कधी इन्व्हर्टरही त्यात जातो. म्हणून असा संदेश देणारी तार किंवा कॅन (उपकरणांनी एकमेकांशी बोलण्याची) जोडणी नसलेल्या बीएमएसबरोबर हा अल्टरनेटर जोडू नये. त्याच कारणाने, इंजिन चालू असताना बँकेचा मुख्य स्विच फिरवू नये. त्या स्विचवर मराठीत तशी ठळक पट्टी चिकटवावी, कारण गाडी चालवणारा माणूस आणि ती बसवणारा माणूस बहुधा वेगळे असतात.

तपासणी: पहिल्यांदा सुरू करताना रोटरकडे जाणारी तार काढून ठेवावी आणि इंजिन सुरू करून पट्टा सरळ धावतो का, ते पाहावे. मग इंजिन बंद करून तार जोडावी आणि प्रवाहाची मर्यादा निम्म्यावर ठेवून सुरुवात करावी. पहिल्या १०० किलोमीटरनंतर पट्टा पुन्हा ताणावा लागतो.

## पावसाळ्यापूर्वी

मे अखेरीस सातव्या टप्प्यातले मिलिव्होल्टचे माप पुन्हा घ्यावे आणि पहिल्या दिवशी लिहिलेल्या आकड्यांशी ताडून पाहावे. म्हणून ते आकडे वहीत, गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवावेत. ज्या सांध्याचा आकडा दुप्पट झाला असेल तो उघडून, घासून, परत आवळावा आणि त्यावर पेट्रोलियम जेली लावावी. गाडी चार्जरच्या उंचीपर्यंत पाण्यात गेली असेल, तर ती सुरू करून पाहण्याआधी दोन्ही फ्यूज काढावेत, खोळी आणि थिंबल गोड्या पाण्याने धुऊन दोन दिवस वाळवावेत, आणि चार्जर उघडून आतल्या सर्किटच्या पट्टीवर ओल नाही, याची खात्री झाल्यावरच सहाव्या टप्प्यातील आठव्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करावी.